सकाळी चालणारा, संध्याकाळी बंद पडणारा वीजपुरवठा

माझ्या काकांनी १९८६ साली दुबईहून आणलेला कमोडोर ६४ संगणक आणि त्याचा १५४१ डिस्क ड्राइव्ह (फ्लॉपी वाचणारे वेगळे यंत्र) आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातील घरात माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले होते. सोबत दहा-बारा फ्लॉपी होत्या आणि त्यांवर काकांनी स्वतः लिहिलेले बेसिक भाषेतील प्रोग्रॅम होते. ते वाचता यावेत, एवढ्यासाठीच मी यंदाच्या उन्हाळ्यात हे काम हाती घेतले.

१९८२ साली बाजारात आलेला १५४१ हा नुसता ड्राइव्ह नव्हे. त्याच्या पोटात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, १६ किलोबाइट रॉम आणि २ किलोबाइट रॅम आहे, म्हणजे तो एक छोटा संगणकच आहे. आणि त्याचा वीजपुरवठाही त्याच डब्यात बसवलेला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या एका वेटोळ्यातून चिपसाठी ५ व्होल्ट तयार होतात, तर दुसऱ्यातून मोटर आणि हेडसाठी १२ व्होल्ट. दोन्हीकडे मांडणी सारखीच आहे: एसीचे डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, वीज साठवून चढउतार कमी करणारा मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि त्यानंतर व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर, एकीकडे ५ व्होल्टचा ७८०५ आणि दुसरीकडे १२ व्होल्टचा ७८१२. ही मांडणी साधी आणि भरवशाची असली, तरी ती तापते. माझ्या ड्राइव्हमध्ये ७८०५ ला साधारण ११ व्होल्ट मिळतात. त्यांतले ५ तो पुढे देतो आणि उरलेल्या ६ व्होल्टची उष्णता होते. अँपिअरभर प्रवाह असेल, तर ती ६ वॅट होते. बंद डब्यात वर्षानुवर्षे ही उष्णता सोसलेल्या कपॅसिटरमधील द्रव हळूहळू सुकत जातो. पुढे १९८८ साली आलेल्या १५४१-टू मध्ये वीजपुरवठा डब्याबाहेर नेण्यात आला, तो निर्णय मला फार योग्य वाटतो.

इतकी वर्षे पडून राहिलेले असे यंत्र थेट प्लगमध्ये घालू नये, याविषयी मी अत्यंत आग्रही आहे. रेग्युलेटर आतून शॉर्ट झालेला असेल, तर ५ व्होल्टच्या जागी ११ व्होल्ट चिपवर जातात, आणि त्या चिपपैकी काही आता कोणीही बनवत नाही. १५४१ मध्ये रेग्युलेटर आणि चिप एकाच बोर्डवर असल्यामुळे वीजपुरवठा वेगळा काढून तपासता येत नाही, म्हणून मी दोन्ही रेग्युलेटरची आउटपुटची टोके बोर्डापासून मोकळी केली. ठाण्याच्या पावसाळी हवेने फ्यूजच्या क्लिपा हिरव्या पडल्या होत्या, त्या घासून स्वच्छ केल्या. हीटसिंकवरची पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती, ती खरवडून नवी लावली. मग ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून वीज दिली; आत शॉर्ट असेल, तर बल्ब पूर्ण उजळत राहतो आणि प्रवाह रोखतो. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर शॉर्ट नव्हते. बोर्डाऐवजी भार म्हणून पाच व्होल्टच्या टोकाला १० ओहमचा सिमेंट रेझिस्टर आणि बारा व्होल्टच्या टोकाला १० वॅटचा गाडीचा बल्ब लावला. मीटरवर ५.०१ आणि १२.०४ असे आकडे आले. मी समाधानाने टोके पुन्हा जोडली. घाई झाली ती इथेच.

सकाळी ड्राइव्ह उत्तम चालला. सुरू करताच मोटर थोडी फिरून थांबली आणि दिवा विझला, जसे व्हायला हवे तसेच. संध्याकाळी मुलाला दाखवण्यासाठी पुन्हा सुरू केला, तेव्हा मोटर फिरतच राहिली आणि दिवा विझेना. प्रोसेसर सुरुवातीची कामे पूर्ण करू शकत नसला की असे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सारे सुरळीत. तीन दिवस हेच चालले, तेव्हा मी प्लगमधील व्होल्टेज मोजले. सकाळी नऊ वाजता २३६ व्होल्ट होते, आणि रात्री आठ वाजता, इमारतीतील सगळे एसी सुरू असताना, २०८.

तरीही ७८०५ च्या इनपुटला संध्याकाळी ८.६ व्होल्ट दिसत होते. या रेग्युलेटरला ५ व्होल्ट नीट देण्यासाठी इनपुटला साधारण ७ व्होल्ट लागतात, म्हणजे आकड्यावरून पाहता काही बिघडायला नको होते. परंतु डीसी रेंजवरचा मीटर सरासरी दाखवतो. ५० हर्ट्झच्या विजेवर ब्रिजमधून सेकंदाला १०० उसळ्या येतात आणि दोन उसळ्यांच्या मधल्या काळात कपॅसिटर रिता होत असतो; तो किती खाली जातो, ते सरासरीत दिसत नाही. माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही, म्हणून मीटर एसी रेंजवर घेतला. काही मीटर एसी रेंजवर डीसीचा आकडाही मिसळून दाखवतात, त्यामुळे मीटरच्या तारेत १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर घातला. आकडा आला १.१ व्होल्ट. कपॅसिटरवरच्या व्होल्टेजचा हा चढउतार, म्हणजे तरंग, त्रिकोणी धरला, तर शिखरापासून तळापर्यंतचे अंतर याच्या साडेतीनपट, म्हणजे ३.८ व्होल्ट होते. सरासरी ८.६, त्यातून निम्मे अंतर, म्हणजे १.९ वजा केले, की तळ ६.७ वर येतो. सेकंदातून शंभर वेळा ५ व्होल्टची लाइन किंचित खचत होती, आणि मीटरला ते कळत नव्हते. माझ्या पहिल्या चाचणीतील १० ओहमचा रेझिस्टर केवळ अर्धा अँपिअर घेत होता, तर खरा बोर्ड पाऊण अँपिअरहून अधिक घेतो. त्यामुळे तेव्हा दोष लपून राहिला.

कपॅसिटर काढून मोजला. ४७०० मायक्रोफॅरडऐवजी १९०० भरला. बाहेरून तो अगदी नवा दिसत होता. फुगवटा नाही, गळती नाही.

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे नवे कपॅसिटर आणले, पाच व्होल्टच्या बाजूचा आणि बारा व्होल्टच्या बाजूचाही. त्याच क्षमतेचा नवा कपॅसिटर आकाराने लहान निघतो, त्यामुळे पाय जुन्या भोकांशी जुळत नाहीत. पायांवर स्लीव्ह चढवून ते वाकवले आणि कपॅसिटर बोर्डला सिलिकॉनने चिकटवला. धन आणि ऋण टोके तीन वेळा तपासली, कारण उलट जोडलेला एवढा मोठा कपॅसिटर फुटतो.

या वेळी चाचणीत घाई केली नाही. वागळे इस्टेटमधील एका मोटर वाइंडिंगच्या दुकानातून डिमरस्टॅट (विजेचे व्होल्टेज कमी-जास्त करणारे उपकरण) दोन दिवसांसाठी मागून आणला. पाच व्होल्टच्या टोकाला १० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडून अँपिअरभर भार दिला, वीज २०० व्होल्टवर उतरवली आणि तासभर तशीच ठेवली. एसी रेंजवरचा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आसपास राहिला आणि ५ व्होल्टची लाइन तासाभरात हलली नाही. त्यानंतरच बोर्ड जोडला.

त्याच रात्री साडेआठ वाजता, २०९ व्होल्टवर, एक कोरी फ्लॉपी फॉरमॅट केली. मिनिटभराहून अधिक वेळ ड्राइव्ह सावकाश टकटक करत राहिला आणि मग पडद्यावर ६६४ ब्लॉक (माहिती साठवण्याचे कप्पे) मोकळे असल्याचे उमटले. रिकाम्या फ्लॉपीवर हाच आकडा यायला हवा. काकांच्या फ्लॉपी मात्र मी अजून ड्राइव्हमध्ये घातलेल्या नाहीत. दोन-तीन फ्लॉपींच्या पृष्ठभागावर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत, ते निघाल्याशिवाय हेड त्यांवर टेकवायचे नाही असे ठरवले आहे.