दहा सेंटिमीटरची रेघ

लेकीच्या संधिवातासाठी आम्ही नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात जातो. तिथे दर खेपेला हातात एक कागद येतो. त्यावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ असते. एका टोकाला 'एकदम छान', दुसऱ्या टोकाला 'फारच वाईट'. संधिवाताच्या हिशेबाने मूल कसं आहे, त्या जागी खूण करायची. मागच्या खेपेला आमचं यावरून तिथेच वाजलं. लेकीच्या बाबांनी दोनच्या आसपास खूण केली. सासूबाई म्हणाल्या, "दोन काऊन? सकाळी पोरगी भिंत धरून चालते, ते दिसत नाही का कोणाले?" त्यांचं बोट सातवर. आठ वर्षांच्या लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "आत्ताचं सांगू की सकाळचं?"

प्रश्न बरोबरच होता. सकाळी उठल्यावर तिचे गुडघे आणि मनगटं आखडलेली असतात, अकरापर्यंत मोकळी होतात. बाबा तिला बघतात ते संध्याकाळी.

त्या खुणेला वजन किती, ते डॉक्टरांनी समजावलं. आजार किती जोरात आहे ते मोजायला 'जॅडास-१०' नावाचा ४० गुणांचा हिशेब असतो. त्यात दाह असलेल्या सांध्यांचे जास्तीत जास्त १०, ईएसआरचे, म्हणजे दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचे १० (२० पर्यंत शून्य, पुढे दर दहाला एक), डॉक्टरांच्या रेघेचे १० आणि आमच्या रेघेचे १०. म्हणजे निम्मे गुण पेनातून येतात! म्हणून ते म्हणाले, दर वेळी एकाच माणसाने भरा. आता मी भरते, सासूबाई शेजारी बसून हरकती घेतात.

दुसरा फॉर्म सीएचएक्यू, मुलाला रोजची कामं किती जमतात ते मोजणारा. १९९४ साली अमेरिकेत तयार झालेला, गेल्या आठवड्याबद्दल विचारणारा. कपडे, उठणं, खाणं, चालणं, आंघोळ, हात पोचणं, पकड आणि इतर कामं असे आठ भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन, जितकं अवघड तितके जास्त. मूळ प्रश्नांत बाथटबमध्ये उतरणं आहे. आमच्याकडे बादली-मग असतो, आणि खरी परीक्षा मांडी घालून जेवायला बसण्याची. मला पटलेली गोष्ट वेगळी. आजाराच्या त्रासामुळे एखाद्या भागात दुसऱ्याची मदत लागत असेल, तर तिथे किमान दोन गुण धरतात. शाळेच्या शर्टाची बटणं आजीच लावते. लेक म्हणते, "मला येतं, पण आजी पटकन लावते." मग ते आजारापायी की आजीपायी? आम्ही एका रविवारी आजीला स्वयंपाकघरात अडकवून ठेवलं आणि बघितलं. वरची दोन लागली नाहीत.

तान्ह्या पोळ्याला तिने लाकडी बैलाची दोरी मध्येच डाव्या हातात घेतली. ही गोष्ट कोणत्याच खान्यात बसत नाही, तरी मी डॉक्टरांना सांगितली. त्यांनी उजवं मनगट पुन्हा दाबून बघितलं.

"एवढ्याशा पोरीला संधिवात?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना उत्तर देणं मी सोडलंय. लहान मुलांचा संधिवात म्हणजे सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेला, सहा आठवड्यांहून जास्त टिकलेला आणि दुसरं कारण न सापडलेला, बस.

डोळे मात्र या दोन्ही फॉर्मांत नाहीत. तिची एएनए नावाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आहे. अशा मुलांच्या डोळ्यांत आतून सूज येऊ शकते. लाली नाही, दुखणं नाही, त्यामुळे घरच्यांना पत्ताच लागत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी डोळ्यांच्या दवाखान्यात स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा आतून बघायच्या यंत्रावर, हनुवटी टेकवून बसायचं. तिथे रेघ नाही आणि भांडणही नाही, म्हणून लेकीला तो दवाखाना जास्त आवडतो.