आमसुलाची मात्रा

कोकणातल्या घरात औषधी वस्तूंची जागा ठरलेली असते. हिरडा, वेखंड, सुंठ, मुरुडशेंग ही मंडळी सहाणेजवळच्या एखाद्या जुन्या डब्यात नांदतात आणि घरात तान्हे मूल नसेल, तर महिनोन्‌महिने त्या डब्याचे झाकण उघडत नाही. आमसुलांची, म्हणजे कोकमाच्या वाळवलेल्या सालींची, बरणी त्या पंगतीत कधी बसलेली नाही. ती असते मिठाच्या बरणीला खेटून, रोज हात पोहोचेल अशा ठिकाणी, कारण तिचे मुख्य काम आमटीत आणि माशांच्या कालवणात आहे. तरीही अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, उन्हातून आलेल्याचे डोके चढले किंवा लग्नघरचे जेवण अंगावर आले, की घरातले माणूस पहिला हात घालते ते याच बरणीत. स्वयंपाकातल्या एका वस्तूने पिढ्यान्‌पिढ्या औषधाचे काम करावे आणि तरीही औषधांच्या डब्यात जाऊन बसू नये, याचे मला कौतुक वाटते. तिचा गुण टिकून राहिला तो बहुधा त्यामुळेच, असे अलीकडे माझे मत झाले आहे.

कोकमाचे झाड मूळचे पश्चिम घाटातले आणि त्याच्या पायथ्याच्या किनारपट्टीतले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा आणि त्याखाली उत्तर कन्नड या पट्ट्यात ते परसात, ओढ्याकाठी, आंब्या-फणसांच्या सावलीत सुखाने वाढते. सदाहरित, खाली झुकलेल्या फांद्यांचे आणि तांबूस पालवीचे हे झाड दिसायला देखणे असले, तरी लावणाऱ्याची परीक्षा पाहणारे आहे. याची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी. बी रुजवून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळते फुले आल्यावर, म्हणजे सात-आठ वर्षे निगुतीने वाढवून झाल्यावर. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती निवडून त्यांची कलमे शेतकऱ्यांच्या हाती दिली, तेव्हा कुठे हा जुगार संपला.

रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत पिकतात आणि सगळी घाई तिथेच असते. झाडावरच्या पिकल्या फळाला पाऊस लागला की ते कुजते आणि वाळत घातलेल्या सालीला लागला की तिला बुरशी धरते, म्हणून वळवाचे ढग दिसू लागले की अंगणातली माणसे वर बघत कामे करतात. रीत म्हटली तर साधी आहे. पिकून काळपट लाल झालेले रातांबे धुऊन, पुसून त्यांचे दोन भाग करायचे, आतला गर बियांसकट एका भांड्यात काढायचा आणि साली वेगळ्या ठेवायच्या. गराला मीठ लावले की रस सुटतो. त्या रसात साली बुडवून उन्हात वाळवायच्या, संध्याकाळी गोळा करून पुन्हा रसात घालायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा उन्हात पसरायच्या. याला पुटे देणे म्हणतात आणि पुटे किती द्यावीत यावर प्रत्येक घराचे स्वतंत्र आणि ठाम मत असते. भरपूर पुटे दिलेले आमसूल जाड, काळपट आणि बोटाला चिकटणारे होते. बाजारात पुष्कळदा एकदाच मीठ लावून वाळवलेली पातळ लालसर साल त्याच नावाने विकली जाते. तिने आमटीला रंग येतो, चव मात्र येता येता राहते. हे सारे काम चिनी मातीच्या नाही तर काचेच्या भांड्यातच करायचे असते, कारण कल्हई उडालेल्या पितळेला हा आंबटपणा लागला की पदार्थ कळकतो, आणि कळकलेले अन्न पोटात जाणे हे स्वतःच एक दुखणे आहे.

सालीचे आमसूल झाले, तरी बाकीचे काही वाया जात नाही. उरलेल्या रसात भरपूर मीठ घालून ठेवले की आगळ होते आणि ते वर्षभर सोलकढीला पुरते. सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचे अमृत कोकम तयार होते. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल येते. ते थिजत आले की मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. हे मुठेल, किंवा भिरंडेल, फिकट रंगाचे आणि घट्ट असते, ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय ते नीट वितळत नाही, म्हणून पळीत जरा ऊन करून पायांच्या भेगांवर सोडायचे असते. पोटात मुरडा असला, तर ऊन मऊ भातावर हेच तेल घालून देणारी घरे अजून आहेत. गंमत अशी, की युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमाप्रमाणे चॉकलेटात कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत कोकमाच्या बियांचे तेलही आहे. आपल्या आज्या टाचांना चोळत आल्या ते तेल परदेशातली मुले मिटक्या मारीत खात असतील, ही कल्पना मला तरी फार आवडते.

या फळाची नोंद नवी नाही. चरकसंहितेत मनाला रुचणाऱ्या दहा फळांचा जो गण सांगितला आहे, त्यात आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग यांच्या जोडीला वृक्षाम्ल येते आणि वृक्षाम्ल म्हणजे कोकम, असे अनेक वैद्य मानतात. या गणात बहुतेक फळे आंबट आहेत आणि सगळी खाण्याची आहेत, एवढे माझ्या मुद्द्यापुरते पुरे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानेही १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात या लाल आंबट फळाचा उल्लेख केला आहे. त्याच्या तोंडी कोकणी नावाचे पोर्तुगीज रूप आहे आणि लक्ष आहे ते रंगाकडे आणि सालीपासून होणाऱ्या शिरक्याकडे. साहेबांचा भर औषधापेक्षा व्यवहारावर होता, असे दिसते.

आता घरगुती उपचारांकडे येतो. अंगावर गांधी उठल्या की चार-पाच आमसुले पाण्यात कोळायची, ते पाणी अंगाला चोळायचे आणि थोडे पाणी जिरेपूड व चिमूटभर साखर घालून प्यायला द्यायचे, ही कोकणातली सर्वमान्य रीत आहे. खाज थांबते, हा अनुभव खोटा नाही. त्यात आमसुलाचा वाटा किती आणि गार पाण्याचा किती, हे वेगळे काढणे मात्र अवघड आहे, कारण गार ओल्या हाताने खाज तशीही निवते आणि गांधीचा एकेक चट्टा बहुधा २४ तासांच्या आत आपोआप मावळतो. माझी आजी हे पाणी चोळताना माणसाशी गप्पा मारीत असे आणि तिचे डोळे त्याच्या तोंडावर खिळलेले असत. ओठ सुजले आहेत का, आवाज बदलला आहे का, दम लागतो आहे का, हे ती पाहत होती. त्यातले एक जरी दिसले असते, तर आमसुलाची वाटी बाजूला ठेवून तिने आधी गाडी मागवली असती. हे पाहणे उपचाराइतकेच महत्त्वाचे होते आणि आज आमसुलाचे गुण छापणाऱ्या बहुतेक मजकुरांत नेमके तेच गळालेले असते. ओठ, जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वास लागणे ही लक्षणे दिसली, तर रुग्णालय गाठण्यात एक मिनिटही दवडू नये.

जेवणानंतरच्या जडपणाचेही असेच आहे. आमसुलाचे सार किंवा नारळाशिवायची फुटी कढी वाटीभर प्यायली की तोंडाला पाणी सुटते, मळमळ कमी वाटते आणि जेवण खाली उतरल्यासारखे होते. पण आमसूल हे शेवटी आम्ल आहे. ज्याच्या जठराला व्रण आहे किंवा ज्याची छाती रोजच जळते, त्याला तेच पाणी त्रासाचे ठरू शकते. घरात हे कोणी शास्त्र म्हणून सांगत नसे. ‘तुला सोसत नाही, तू ताक घे,’ एवढ्यावर विषय संपत असे.

इथेच मला आमसुलाच्या स्वभावातली खरी हुशारी दिसते. त्याची मात्रा कोणत्या पुस्तकात पाहावी लागत नाही, कारण ती जीभ ठरवते. दोन आमसुलांच्या जागी दहा घातली, तर आमटी कोणी तोंडात धरू शकत नाही. दात आंबतात, कान गरम होतात आणि उरलेले पातेले शेजारच्या घरीही देता येत नाही. कितीही हौशी माणूस असला, तरी आमसुले जास्त खाऊन स्वतःचे फारसे वाईट करून घेऊ शकत नाही, कारण वाटेत जीभ उभी आहे. सुंठ, मिरी, ओवा, लसूण यांनाही हा पहारा आहे. ज्या वस्तू चवीने अडवतात, त्याच माणसांनी निर्धास्तपणे स्वयंपाकघरात ठेवल्या असाव्यात.

हा पहारा उठला की काय होते, हे कोकमाच्या भाऊबंदांच्या बाबतीत दिसून आले. केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी ही कोकमाच्याच गार्सिनिया प्रजातीतली. १९६५ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातले मुख्य आम्ल हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असल्याचे दाखवून दिले. हे आम्ल कोकमाच्या सालीतही असते. पुढे असे आढळले, की साखरेपासून चरबी तयार होण्याच्या क्रियेतल्या एका विकराला (एन्झाइमला) ते अडथळा करते. झाले! सालीचा अर्क निघाला, अर्काच्या गोळ्या झाल्या आणि वजन घटवण्याची हमी देत त्या जगभर खपू लागल्या. १९९८ साली अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर १२ आठवडे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. गोळी घेणाऱ्यांच्या आणि खोटी गोळी घेणाऱ्यांच्या वजनात म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. २००९ साली तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने वजन घटवणाऱ्या उत्पादनांची एक मालिका वापरू नका, असा इशारा दिला, कारण ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यांतल्या काही उत्पादनांत गार्सिनियाचा अर्क होता. इतरही बरेच काही होते, त्यामुळे सगळा दोष त्या एकट्या फळावर टाकणे न्यायाचे होणार नाही. पण ज्याचा एक तुकडा चोखताना डोळे मिटतात, त्याचा अर्क दिवसातून तीनदा बेचव वेष्टनातून गिळला जात होता आणि ‘पुरे’ म्हणायला वाटेत कोणी नव्हते, हे खरेच आहे.

कोकमावरचा पहारा घरातही उठतो आणि तो उठवते साखर. उन्हाळ्यात पाहुण्याला पेलाभर कोकम सरबत देणे ही चांगली गोष्ट आहे. त्या लाल रंगानेच अर्धी तहान भागते. पण अमृत कोकमाच्या बाटलीत कोकमापेक्षा साखर जास्त असते. ‘नैसर्गिक आहे, पित्तावर चांगले आहे,’ असे म्हणत मधुमेही माणूस दिवसाकाठी त्याचे तीन पेले पितो, तेव्हा तो पित्तावर उपचार करीत नसून केवळ पाक पीत असतो. आगळाची तऱ्हा याच्या उलट आहे. त्यातल्या मिठामुळे ते वर्षभर टिकते आणि त्याच मिठामुळे रक्तदाब असलेल्याने ते जपून वापरावे लागते. आगळाची सोलकढी करताना वरून मीठ घालणाऱ्या हातांना मी तरी अडवतो. उन्हाच्या दिवसांत मला सर्वांत निर्मळ वाटते ते साधे पाणी: दोन-तीन आमसुले रात्रभर भिजवून, सकाळी कोळून, चवीपुरते जिरे आणि हवा असल्यास गुळाचा लहानसा खडा घातलेले.

घाटावरच्या घरांतही आमसूल फार पूर्वीपासून रुळलेले आहे. उपासाच्या वरीच्या भाताबरोबर दाण्याची आमटी होते, तिला ते लागते. श्राद्धाच्या पानात तर आमसुलाच्या चटणीची जागा ठरलेलीच असते, त्यामुळे कित्येक घरांत ती चटणी एरवी करीतच नाहीत, हा त्या बिचाऱ्या चटणीवर अन्यायच आहे. आमसूल, गूळ, जिरे, मीठ, तिखट एवढ्यात होणारी ही चटणी तोंडाची गेलेली चव आणायला उत्तम, आणि तापातून उठलेल्या माणसाला भाताच्या पेजेबरोबर बोटभर दिली, तर तो पेज संपवतो.

राहता राहिली रोजची आमटी. डाळ पूर्ण शिजण्याआधी आमसूल घालू नये, कारण आंबटाने डाळ शिजायची थांबते आणि मग कितीही घोटली तरी कणी राहते. डाळ शिजून, घोटून, फोडणीत पडली, गूळ आणि गोडा मसाला गेला, की चार माणसांच्या आमटीत तीन किंवा चार आमसुले धुऊन टाकावीत आणि दोन उकळ्या आणाव्यात. एवढ्याने ती पुरेशी आंबट झाली नाही, तर आमसुले जुनी झाली आहेत किंवा दुकानदाराने एका पुटाची साल गळ्यात मारली आहे. अशा वेळी आणखी दोन आमसुले टाकत न बसता सरळ बरणी बदलावी आणि मे महिन्यात कोणी कोकणात निघाले असेल, तर त्याच्याजवळ रिकामी पिशवी द्यावी.