कूलंटच्या रंगावर जाऊ नका

गोव्यात डिचोलीकडे गाडी चालवणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो, इंजिन ऑइल बदलताना जुन्या ऑइलचा थोडा नमुना तपासायला लॅबला पाठवा. रिपोर्टात सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर आधी एअर फिल्टर उघडून बघा. इथली तांबडी धूळ आत जात असेल. सोडियम-पोटॅशियम दोन्ही चढलेले असतील तर मात्र दुरुस्तीला उशीर करू नका. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, ऑइलमध्ये उतरत असण्याची दाट शक्यता.

आणि कूलंट! हिरवा, गुलाबी, निळा, या रंगांना सर्वमान्य प्रमाणच नाही. मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन जुळवा. गोव्यात बर्फ कुठे पडतो, मग गोठण्यापासून वाचवणारं कूलंट कशाला, म्हणून नुसतं विहिरीचं पाणी ओतणारे बघितले की जीव तुटतो. रेडिएटरात क्षार साचतात, गंज धरतो. कूलंटमधलं ग्लायकॉल उकळबिंदूही वाढवतं. एसी लावून चोर्ला घाट चढताना ते हवंच. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, असेल तर साधारण निम्मं डिस्टिल्ड वॉटर. तयार मिश्रणात पाणी घालू नका.