पाळकांनी एकत्र बसण्याचे मोल

आज विभागातील बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथातील पाळक, म्हणजे धर्मगुरू, आणि मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) सेवकांचा मेळावा झाला. आमच्यात अनेक मंडळ्यांवर देखरेख करणारा बिशप नसतो, प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहते. या स्वातंत्र्याचा मला अभिमान आहे, पण त्यामुळेच लहान गावातल्या पाळकाला मन मोकळे करायला हक्काचा माणूस उरत नाही. जेवणानंतर एक तरुण पाळक पत्नीच्या आजारपणाविषयी बोलू लागले, तेव्हा शेजारी बसलेल्या ज्येष्ठ पाळकांनी त्यांच्या पुढच्या रविवारच्या उपदेशाची जबाबदारी तिथल्या तिथे स्वतःकडे घेतली. पाळकांच्या अशा एकत्र बसण्यातून काय घडू शकते, याला इतिहासही साक्ष आहे: इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायरच्या बॅप्टिस्ट संघाने १७८४ मध्ये मासिक प्रार्थनेचा ठराव केला, त्याच वर्तुळातील पाळकांनी १७९२ मध्ये केटरिंग येथे मिशनरी सोसायटी (धर्मप्रसारक संस्था) स्थापली, आणि तिने पाठवलेल्या विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधील सेरामपूरला छापले गेले. पुढच्या मेळाव्याला दीकनांनाही, म्हणजे मंडळीच्या कामात पाळकांना हातभार लावणाऱ्यांनाही, अवश्य आणावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.