गेलो, गेलो होतो, जायचो

मालवणात संध्याकाळी मी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. वर्गाला येणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पोट पर्यटनावर आहे. तारकर्ली आणि देवबागेत घरच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देणाऱ्या बायका, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे बोटी नेणारे, स्कूबाच्या बोटीवर मदतीला जाणारे तरुण आणि स्टेशनापासून भाडी आणणारे रिक्षावाले असे सगळे एकाच बाकावर बसतात. पावसाळ्यात किल्ल्याच्या फेऱ्या आणि पाण्यातले खेळ बंद असल्यामुळे तेच आमचे शिकण्याचे दिवस असतात. गणपती आटोपले की सर्वांची नजर दिवाळीच्या हंगामाकडे लागते, आणि पाहुण्यांच्या प्रश्नांना नीट उत्तरे देता यावीत एवढीच प्रत्येकाची मागणी असते. पाहुणे विचारतात तरी काय? हा किल्ला कोणी बांधला, रेल्वे येण्यापूर्वी तुम्ही मुंबईला कसे जात होता, लहानपणी सुट्टीत काय करत होता. यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न भूतकाळातला असतो, आणि आमची माणसे अडतात ती नेमकी तिथेच.

ही अडचण क्रियापदांची रूपे पाठ नसल्याची नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘गो, वेंट, गॉन’ सर्वांना येते. अडचण अशी की आपल्या मराठीतील भूतकाळाच्या सवयी आपण जशाच्या तशा इंग्रजीत नेतो. ‘मी गेल्या आठवड्यात कुडाळला गेलो होतो’ असे आपण सहज बोलतो. त्यातील ‘होतो’चा अर्थ बहुधा इतकाच असतो की जाऊन परत आलो. त्याचे ‘आय हॅड गॉन टू कुडाळ लास्ट वीक’ केले, की ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो, कारण इंग्रजीतील ‘हॅड गॉन’ ही भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी घडलेली घटना असते. नकाराचेही तसेच आहे. ‘मी गेलो नाही’ म्हणताना आपले क्रियापद भूतकाळातच राहते, म्हणून ‘आय डिडंट वेंट’ तोंडातून निघते. इंग्रजीत भूतकाळाचा भार एकट्या ‘डिड’ने उचललेला असतो आणि मूळ क्रियापद ‘गो’ असेच राहते.

मी सांगते आहे तो दिवस ऑक्टोबरातला. त्या संध्याकाळी ‘माझी शेवटची सुट्टी’ या विषयावर बोलायचे होते. इंग्रजी शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत हा पाठ असतो, कारण प्रवासाच्या हकिकतीत भूतकाळाची सारी रूपे आपोआप येतात. मात्र त्या पाठांतील माणसे विमानाने जातात, हॉटेलात उतरतात आणि समुद्रकिनाऱ्यावर पडून राहतात. देवबागच्या एका काकी हे सगळे शांतपणे ऐकून म्हणाल्या, “बाई, मी खंयच फिराक जावक नाय. लोकच आमच्याकडे फिराक येतत.”

त्यांचे म्हणणे खरे होते, आणि त्यात तक्रारीचा सूरही नव्हता. इतरांची सुट्टी हा ज्यांच्या कामाचा हंगाम, त्यांनी मे महिन्यात कुठे जायचे? मी त्यांना म्हटले, “काकी, हॉटेल नको, विमान नको. लहानपणी कुठल्यातरी गमतीसाठी घराबाहेर पडला असाल, तो एखादा दिवस सांगा. आधी मालवणीतच सांगा.”

काकींनी सांगितलेली हकिकत अशी. त्यांचे वडील दरवर्षी कर्ली खाडीच्या पलीकडच्या एका गावच्या जत्रेला घरच्या सर्वांना होडीने न्यायचे. जत्रेच्या रात्री दशावतार असायचा आणि तो पहाटेपर्यंत चालायचा. लहान मुलांना मुख्य आख्यानापेक्षा आधीच्या आडदशावताराची ओढ असे, कारण वेद चोरणारा आणि मालवणीत बोलून सगळ्यांना हसवणारा संकासुर त्यातच येतो. एका वर्षी निघायला उशीर झाला, ओहोटी लागली होती, आणि होडी खाडीतल्या वाळूच्या पट्ट्यावर रुतली. वडील आणि काका पाण्यात उतरून होडी ढकलत राहिले. मंडळी देवळापाशी पोहोचली तेव्हा संकासुर निघून गेला होता. आठ-नऊ वर्षांच्या काकी तिथेच रडायला लागल्या.

हकिकत संपताच, भूतकाळाचा सारा धडा या एका रात्रीत बसतो, हे माझ्या लक्षात आले. पुस्तक बाजूला ठेवून मी फळ्यावर तीन वाक्ये लिहिली. पहिले, ‘व्हेन वी रीच्ड, संकासुर लेफ्ट.’ दुसरे, ‘व्हेन वी रीच्ड, संकासुर वॉज लीव्हिंग.’ तिसरे, ‘व्हेन वी रीच्ड, संकासुर हॅड लेफ्ट.’ काकींची रात्र यातल्या कोणत्या वाक्यात आहे, एवढेच मी वर्गाला विचारले.

त्यानंतरची अर्धी घटका मी फारसे बोललेच नाही. पहिल्या वाक्याबद्दल स्कूबावाला मुलगा म्हणाला की मंडळी आली आणि मग संकासुर गेला, म्हणजे काकींना तो दिसला. त्यांना पाहूनच गेला की काय, असेही कोणाला वाटेल. दुसऱ्या वाक्यात काकी पोहोचतात त्या क्षणी तो निघायच्या बेतात आहे, म्हणजे निदान त्याची पाठ तरी दिसली. तिसऱ्यात काहीच दिसले नाही. काकी पुढे येऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या वाक्यातील ‘हॅड’वर बोट ठेवून म्हणाल्या, “ह्यां माजा.” क्रियापद तेच, माणसे तीच, रात्र तीच, पण मुलीला रडवणारे वाक्य एकच होते. व्याख्या सांगून मला जो फरक कधी इतका स्पष्ट करता आला नसता, तो त्यांनी स्वतःच्या आठवणीवर पारखून घेतला.

मग बाकीची रात्रही आम्ही इंग्रजीत मांडली. रात्रीची पार्श्वभूमी अपूर्ण भूतकाळात आली, ‘द टाइड वॉज गोइंग आउट.’ तिला छेद देणारी घटना साध्या भूतकाळात आली, ‘द बोट गॉट स्टक.’ वडिलांच्या दरवर्षीच्या नेण्यासाठी वर्गाने आधी ‘वॉज टेकिंग’ सुचवले. पण आपल्या ‘न्यायचे’ला, म्हणजे रीतिभूतकाळाला, इंग्रजीत ‘युज्ड टू टेक’ हे सरळ रूप आहे, हे कळल्यावर बोट चालवणाऱ्या एका दादांनी लगेच स्वतःचे वाक्य जोडले. त्यांचे आजोबा मुंबईला एसटीने जायचे, कारण कोकण रेल्वेचा रोह्यापासून मंगळुरूकडचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे सुरू झाला. या वाक्यात ‘युज्ड टू गो’ आणि ‘ओपन्ड’ ही दोन्ही रूपे आपापल्या जागी बसली. ‘ओपन्ड’चा उच्चार मात्र ‘ओपनेड’ असा झाला. शेवटच्या ‘ईडी’चा ‘इड’ असा उच्चार ‘वाँटेड’, ‘नीडेड’ यांसारख्या, मुळात ‘ट’ किंवा ‘ड’ या ध्वनीने संपणाऱ्या क्रियापदांतच होतो. ‘वॉक्ड’मध्ये तिथे ‘ट’ ऐकू येतो आणि ‘ओपन्ड’मध्ये नुसता ‘ड’. एवढे सांगून मी पुढे गेले.

याच दादांचे रोजचे एक वाक्य मला दुरुस्त करायचे होते. पाहुण्यांना ते ‘शिवाजी महाराज हॅज बिल्ट धिस फोर्ट’ असे सांगत. मराठीत ‘हा किल्ला महाराजांनी बांधला आहे’ हे वाक्य निर्दोष आहे, म्हणून त्यात काय बिघडले ते त्यांना कळेना. पण इंग्रजीतील ‘हॅज’ आजच्या काळाशी धागा धरून असतो, आणि सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू होऊन १६६७ मध्ये पुरे झाले. तो काळ संपलेला आहे, तेव्हा तिथे ‘बिल्ट’ हेच रूप हवे. ‘हॅव यू सीन द फोर्ट?’ हा प्रश्न मात्र बरोबर, कारण समोरचा पाहुणा आयुष्यात आजपर्यंत केव्हाही तो पाहू शकला असता. तो ‘येस’ म्हणाला आणि आपण ‘केव्हा’ विचारले, की तिथून पुढे ‘हॅव’ सोडून द्यायचे.

हे चालू असताना स्कूबावाला मुलगा एकदम म्हणाला, “मॅडम, म्हणून ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले होते!” मागच्या हंगामात एका परदेशी पाहुण्याने त्याला रविवारी काय केले असे विचारले होते, त्याने ‘आय हॅड गॉन टू कुडाळ’ असे उत्तर दिले होते, आणि पाहुणा ‘अँड देन?’ म्हणत थांबला होता. आपला उच्चार चुकला असे समजून मुलाने तेच वाक्य आणखी मोठ्याने सांगितले होते. आता त्याने स्वतःच ‘आय वेंट टू कुडाळ’ म्हटले. वाक्य पूर्ण झाले आहे आणि आता कोणालाही कशाचीही वाट पाहायची नाही, हे त्याला सांगावे लागले नाही. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ वापरले तर क्रम त्या शब्दानेच कळतो आणि बहुधा साधा भूतकाळ पुरतो, ही पुढची गोष्टही त्यानेच प्रश्न विचारून माझ्याकडून काढून घेतली. शिकवणाऱ्याला याहून मोठे समाधान नसते.

शेवटी मी त्या मुलाला पाहुणा केले आणि काकींना यजमान. त्याने विचारले, “हॅव यू एव्हर सीन दशावतार?” काकी म्हणाल्या, “येस, आय हॅव. माय फादर युज्ड टू टेक अस एव्हरी इयर.” पुढचे प्रश्न आम्ही ठरवून दिलेले नव्हते. मुलाने विचारले, “डिड यू सी संकासुर?” काकींनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “वन इयर, नो. ही हॅड लेफ्ट.” मुलगा थांबला नाही. “अँड द नेक्स्ट इयर?”

“नेक्स्ट इयर वी लेफ्ट अर्ली,” काकी म्हणाल्या, “अँड आय सॅट इन फ्रंट.”