आधी खांदा, मग दात

बैलबाजारात लोक आधी बैलाचं तोंड उघडतात. आदत (दुधाचेच दात असलेला), दोन दाती की जुळलेला (सगळे दात आलेला), यावर निम्मा सौदा ठरतो. आमचे बाबा मात्र खांद्यावरून हात फिरवायचे. "खांदा पाह्य पयले, मंग दात." कातडी जाड पण मऊ लागली तर बैल कामाचा आणि मालकही बरा. जुवाखाली जखम होऊन गेली असेल तर तिथे केस पांढरे उगवतात. आमच्या गवळाऊ जातीच्या बैलांचं अंगच पांढरं, तिथे डोळ्यांना काही कळत नाही. बोटांनीच चाचपावं लागतं.

आर्वीकडे आमचं 5 एकर वावर आहे, काळी भारी जमीन. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. पण पऱ्हाटी (कपाशी) वाढायला लागली की डवरायला, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, बैलच पाहिजेत. झड उघडून वाफसा येतो तो दोन-चार दिवसांचा. तेवढ्यात डवरे फिरले नाहीत तर तण पिकाच्या वर जातं. आणि त्या दिवसांत भाड्याने जोडी कोण देणार? ज्याची त्याच्याच वावरात. 'वर्षभर ढेप-कुटार घालणं परवडतं का' असं विचारणाऱ्याला मी आषाढात घरी बोलावतो.

खांदा सुजतो तोही याच दिवसांत. उन्हाळाभर बैल गोठ्यात, खांदा नरम पडलेला, आणि मृग बरसला की एकदम दिवसभर जोत. त्यात जू ओलं, कातडी ओली. म्हणून मी शेणखत बंडीनेच नेतो, सकाळी थोड्या खेपा, म्हणजे खांदा हळूहळू तयार होतो. जू खरखरीत झालं की काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करतो. जोडी उंचीने सारखी नसेल तर मात्र जू तिरपं बसतं, त्याला इलाज नाही. सूज दिसली की जोत सोडायचं. 'हळद लावली, आता एवढं वावर उरकू' म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हीही हळद-तुपाने खांदे शेकतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणतो. छान वाटतं. पण श्रावणी अमावस्येपर्यंत डवरणीचा मोठा भार बैलाने ओढून झालेला असतो. हे लाड पेरणीआधी व्हायला हवेत, असं बोललो की गावात हसतात.

हात फिरवायच्या सवयीचा 2022 साली वेगळाच उपयोग झाला. गुरांचा लम्पी त्वचारोग आला तेव्हा डाव्या अंगाच्या बैलाच्या मानेवरची गाठ दिसायच्या आधी हाताला लागली. लगेच त्याला वेगळा बांधला, डॉक्टरांना बोलावलं. लस तेव्हा शेळ्यांच्या देवी रोगाचीच टोचत होते. बैल वाचला, पण आता थकत आलाय. पावसाळ्याआधी नवा घ्यावा लागेल. हेटीकुंडीच्या सरकारी फार्मवर गवळाऊ जपतात, बाजारात मात्र चांगला गोऱ्हा सहज मिळत नाही. आपल्या भागात कुणाकडे असेल तर कळवा. वळण लावायचं राहिलं असेल तरी चालेल, उंची तेवढी जुळली पाहिजे.