तोंडी परीक्षा आणि मुलाखत

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नेरुळहून ताईचा फोन आला. भाचीने इंग्लंडमधील एका विद्यापीठात भूगोलाच्या पदवीसाठी अर्ज केला होता आणि डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिची ऑनलाइन मुलाखत होणार असल्याचे कळले होते. ताईचा प्रश्न सरळ होता : "तीन आठवड्यांत तिच्याकडून काय काय पाठ करून घ्यायचं?" ज्या क्लासमधून अर्जाची तयारी झाली होती त्यांनी पन्नास प्रश्न आणि त्यांची नमुना उत्तरे असलेली पुस्तिका दिली होती, आणि त्यातील पंधरा उत्तरे तोवर भाचीला मुखोद्गत झालीही होती. पुढच्या शनिवारी मी नौपाड्यातून निघून नेरुळची लोकल पकडली, तेव्हा ती पुस्तिका तिला बाजूला ठेवायला लावायची, एवढेच मनाशी ठरले होते.

या निश्चयामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. ठाणे खाडीतील गाळावर पदव्युत्तर प्रबंध पूर्ण करून 2009 साली मी युरोपातील एका विद्यापीठात संशोधनासाठी अर्ज केला होता आणि त्यांनी स्काइपवर मुलाखत घेतली होती. माझ्याच प्रबंधातील एका आलेखाकडे बोट दाखवून प्राध्यापकांनी विचारले, की तिसरे मापन इतर सर्व मापनांपासून इतके दूर का आहे? मी त्यांना प्रबंधाचा सारांश म्हणून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तोच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारला. मी म्हणाले, की आमच्या गाइडनी ते मापन वगळायला सांगितले होते. त्यानंतर मुलाखत फार काळ चालली नाही. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. तो नमुना मी अमावास्येनंतरच्या उधाणाच्या भरतीत घेतला होता, पाणी नेहमीपेक्षा कितीतरी गढूळ होते, आणि गुडघाभर चिखलात उभी राहून मी ते डोळ्यांनी पाहिले होते. परंतु ते प्रबंधात लिहिलेले नव्हते, आणि जे लिहिलेले नाही ते परीक्षकांसमोर बोलायचे नसते, ही सवय माझ्यात इतकी खोल रुजली होती की ते वाक्य ओठांपर्यंत आलेच नाही.

ही सवय आपल्या तोंडी परीक्षेची आहे. जर्नलवर सही झालेली असते, बाहेरचे परीक्षक समोर बसतात, व्याख्या विचारतात, आणि विद्यार्थी जितक्या झटकन व जितक्या पुस्तकी शब्दांत उत्तर देईल तितके गुण पडतात. तेथे थांबणे म्हणजे न येणे. याउलट ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे प्राध्यापक दर आठवड्याला एक-दोन किंवा तीनच विद्यार्थ्यांना समोर बसवून त्यांच्या लिखाणावर चर्चा करतात, आणि प्रवेशाची मुलाखत ही त्या शिकवण्याचीच लहानशी आवृत्ती असते. मुलाखत घेणारे बहुधा पुढे शिकवणारेच असतात. या विद्यार्थ्याबरोबर तीन वर्षे असा तास घेता येईल का, सुचवलेला धागा पकडून तो पुढे जातो का, हे त्यांना पाहायचे असते. त्यामुळे प्रश्न मुद्दाम असा निवडलेला असतो, की त्याचे तयार उत्तर कोणाकडेच नसावे. ऑक्सफर्डला सुमारे 3,300 जागांसाठी 23,000 हून अधिक अर्ज येतात आणि त्यांपैकी सुमारे 10,000 जणांना मुलाखतीला बोलावतात. म्हणजे या टप्प्यावर पोहोचलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे गुण उत्तमच असतात. विद्यापीठ स्वतःच्या संकेतस्थळावर नमुना प्रश्न आणि सराव मुलाखतींच्या चित्रफिती विनामूल्य ठेवते. क्लासच्या पुस्तिकेपेक्षा भाचीला त्यांचाच उपयोग अधिक झाला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आमच्या ओळखीच्या घरांतून याबाबत मोठा गोंधळ दिसतो. 'परदेशी शिक्षणाची मुलाखत' असा एकच प्रकार नसतो. अमेरिकेतील बऱ्याचशा मास्टर्स अभ्यासक्रमांना मुलाखतच नसते. एमआयटीसारख्या संस्थेत पदवीच्या प्रवेशासाठी माजी विद्यार्थी गप्पा मारल्यासारखी मुलाखत घेतात आणि त्यांनी तुमचा अर्ज वाचलेला नसतो, म्हणून स्वतःविषयी पहिल्यापासून सांगावे लागते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अर्ध्या तासाच्या मुलाखतीत मात्र समोरच्याने अर्जातील ओळ न् ओळ वाचलेली असते. व्हार्टन या अमेरिकेतील बिझनेस स्कूलमध्ये काही उमेदवारांना एकत्र बसवून एका विषयावर चर्चा करायला लावतात, आणि तेथे सर्वांत जास्त बोलणारा सर्वांत चांगला ठरतो असे मुळीच नाही. वैद्यकीय शिक्षणासाठी अनेक देशांत लहान लहान मुलाखतींची रांग असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात ती पद्धत सुरू झाली. काही ठिकाणी तर समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, काही सेकंद विचाराला मिळतात आणि कॅमेऱ्याकडे पाहून उत्तर नोंदवायचे असते.

आणि या सर्वांहून निराळी असते ती व्हिसाची मुलाखत. वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वाणिज्य दूतावासात एफ-1 या विद्यार्थी व्हिसासाठी काचेपलीकडच्या अधिकाऱ्यासमोर मिळतात ती अवघी काही मिनिटे. तेथील कायद्याच्या 214(बी) कलमानुसार, तुम्ही कायमचे राहायला येत नाही हे पटवून देण्याची जबाबदारी तुमची असते. तेथे नेमके, थोडक्यात बोलावे लागते. शेजारच्या दादाने व्हिसाच्या रांगेतून शिकून आणलेला सल्ला, म्हणजे विचारतील तेवढेच सांग, एका वाक्यात सांग, हा प्राध्यापकांपुढे वापरला तर नुकसान होते.

पहिल्या शनिवारी मी भाचीला एकच प्रश्न विचारला. खाडीत फ्लेमिंगोंची संख्या वाढली, तर खाडीचे पाणी स्वच्छ झाले असे म्हणता येईल का? नेरुळच्या मुलीला फ्लेमिंगो नवे नाहीत. हिवाळ्यापासून मेपर्यंत ते तिच्या घरापासून काही अंतरावर उतरतात. तिने तत्परतेने सांगितले, की ठाणे खाडीचा भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी म्हटले, "हे बरोबर आहे, पण मी हे विचारलं नव्हतं." त्यावर ती गप्प झाली, ताईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले, आणि ते मिनिट सर्वांनाच फार लांब वाटले. मग ती म्हणाली, "मावशी, ते खातात काय?"

तिच्या तयारीला माझ्या दृष्टीने त्या प्रश्नापासून सुरुवात झाली. लहान जातीचे फ्लेमिंगो प्रामुख्याने नीलहरित शैवालावर जगतात, एवढे मी सांगितले आणि थांबले. शैवाल वाढायला काय लागते, हे तिला शाळेतल्या विज्ञानावरून माहीत होते : नायट्रोजन, फॉस्फरस. ते खाडीत कोठून येत असेल? नाल्यांतून, सांडपाण्यातून. म्हणजे पक्षी वाढणे हे पाणी स्वच्छ असल्याचे लक्षण नसून उलटेही असू शकेल, असे ती स्वतःच अडखळत म्हणाली. मी लगेच विचारले, "मग आणखी सांडपाणी सोडलं तर आणखी पक्षी येतील?" ती आधी हो म्हणाली, मग नाही म्हणाली, मग म्हणाली की एका मर्यादेनंतर दुसरेच काहीतरी बिघडेल, शिवाय पक्ष्यांना उभे राहायला उघडा चिखल लागतो आणि त्यावर खारफुटी पसरली तर अन्न असूनही जागा उरणार नाही. शेवटी तिने विचारले, की खाडीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला वेगवेगळी मोजणी झाली आहे का, कारण त्याशिवाय काही ठरवता येणार नाही. या चाळीस मिनिटांत तिने चार वेळा मत बदलले, आणि प्रत्येक वेळी का बदलले ते सांगितले. मुलाखतीत विचार उघडपणे करावा असे सर्व जण सांगतात, परंतु तो कसा दिसतो हे तिला त्या दिवशी कळले.

पुढच्या दोन शनिवारी लक्षात आलेल्या अडचणी मला अधिक महत्त्वाच्या वाटतात, कारण त्या बुद्धीच्या नसून आपल्या घरांतल्या वळणाच्या आहेत. भाची आपल्या प्रकल्पाविषयी बोलताना सतत 'आम्ही' म्हणत असे. आम्ही सर्वेक्षण केले, आम्ही नकाशा काढला. आपल्याकडे 'मी केले' असे म्हणणे आढ्यतेचे वाटते आणि मलाही तो विनय मनापासून आवडतो. परंतु ऐकणाऱ्याला त्या 'आम्ही'त ही मुलगी नेमकी कोठे होती हे कळत नाही. तेव्हा गटाचे श्रेय गटाला देऊन लगेच 'त्यात माझ्याकडे हे काम होते' असे सांगायचे, हा मार्ग आम्ही काढला. दुसरी अडचण, वडीलधाऱ्यांना उलट प्रश्न न विचारण्याची. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचारण्यास सांगावे, 'या शब्दाने तुम्हाला हे म्हणायचे आहे का' असे पडताळून घ्यावे, आणि प्राध्यापकांचे म्हणणे पटले नाही तर तसे नम्रपणे सांगावे, यासाठी तिला माझ्याशी मुद्दाम वाद घालायला लावावे लागले. भावोजींना ते पाहून अवघडल्यासारखे झाले. त्यांनी तसे बोलूनही दाखवले, आणि त्यांची अस्वस्थता मला समजत होती.

इंग्रजीच्या भीतीविषयी थोडेच सांगते. उच्चार बदलण्यात वेळ घालवू नये. सावकाश बोलणे आणि वाक्य पूर्ण करणे पुरेसे असते. मराठीत स्पष्ट झालेला विचार साध्या इंग्रजीत येतोच, म्हणून अवघड प्रश्नांवर आम्ही आधी मराठीत बोललो.

अर्जात लिहिलेल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते, हे मात्र ठासून सांगायला हवे. 2026 च्या प्रवेशापासून ब्रिटनमधील पदवी प्रवेशाचे अर्ज एकत्रितपणे स्वीकारणाऱ्या यूकास या संस्थेच्या अर्जात सलग निवेदनाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हा विषय का, त्यासाठी शिक्षणातून कोणती तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले. भाचीच्या उत्तरात क्लासच्या सल्ल्याने घातलेले एक पुस्तक होते, ज्याची तिने केवळ प्रस्तावना वाचली होती. उरलेल्या दिवसांत ते पूर्ण वाचणे हे तिचे पहिले काम ठरले, आणि त्यातील एका प्रकरणाशी ती असहमत झाली, हा त्याचा मोठाच लाभ.

व्यवस्थेकडेही दुर्लक्ष करू नये. आपल्याकडे घड्याळ वर्षभर तेच राहते, परंतु ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते एक तास मागे जाते आणि आपले अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर येते. अमेरिकेत हा बदल नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा उलटा होतो. ओळखीतील एक मुलगा मार्चमध्ये जुन्या हिशोबाने बसला आणि एक तास उशिरा पोहोचला. विजेचेही पाहून ठेवावे. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईबरोबर ठाणे आणि नवी मुंबईही काही तास अंधारात होती, हे आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. राउटर इन्व्हर्टरवर, दुसऱ्या फोनवर हॉटस्पॉट तयार, आणि विद्यापीठाचा संपर्क क्रमांक कागदावर लिहिलेला, एवढे आम्ही केले. सोसायटीत वरच्या मजल्यावर फरशीचे काम चालू होते. त्या घरी जाऊन दोन तास थांबण्याची विनंती केली आणि त्यांनी ती आनंदाने मानली. घरच्यांनी त्या खोलीत बसू नये, हेही मी आग्रहाने सांगितले. आई लॅपटॉपच्या मागे उभी असली की मुलीची नजर तिकडे जाते, आणि समोरच्याला ते दिसते.

मुलाखत साडेतीनला होती, म्हणजे तिकडे सकाळी दहाला. ताई आणि मी आतल्या खोलीत दार लावून बसलो होतो. पंचवीस मिनिटांनी भाची बाहेर आली आणि काहीही न बोलता वर्तमानपत्राच्या कडेला एक आलेख काढू लागली. नदीच्या पुराचा होता. दोन शिखरे का आहेत, असे तिला विचारले होते. पहिले उत्तर तिने पाऊस दोनदा पडल्याचे दिले, त्यांनी पाऊस एकदाच पडला होता असे सांगितले, आणि मग तिला उपनद्यांची लांबी सुचली.

"बरोबर आलं का गं?" ताईने विचारले.

"माहीत नाही आई. ते दोघं माझ्याशी वाद घालत होते, आणि अजून थोडा वेळ मिळायला हवा होता असं वाटलं."

निकाल जानेवारीत येणार होता. ताईने तीन वाजल्यापासून अडवून ठेवलेला कुकर गॅसवर चढवला, आणि भाची तो आलेख माझ्यापुढे सरकवून म्हणाली, की तिसरी उपनदी असती तर काय झाले असते ते आता आपण पाहू.